शोधलं की वर येणारं पान

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मी वर्ग घेते. वेबसाइट म्हणजे काय, डोमेन कशाला म्हणतात, लोकांनी मोबाईलवर शोधलं की आपलं पान वर कसं येतं, एवढंच शिकवते. महिन्या-दीड महिन्याची बॅच, बारा-पंधरा पोरं-पोरी, खालून गिरणीचा घरघराट आणि बाकांवर रोज पिठाचा पातळ थर. मॅडम फार तिखट आहेत असं मुलं एकमेकांना सांगतात आणि ते खोटं नाही. डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता, होस्टिंग म्हणजे ज्या जागेत दुकान मांडलंय ती भाड्याची जागा. हे तीनदा सांगूनही ज्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मी चौथ्यांदा सांगत नाही. खाली गिरणीवर माणूस हवाय, असं सांगते.

या लिखाणात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. हे माझं सौजन्य समजू नये. नाव एकदा लिहिलं की त्याचं पुढे काय होतं, ते मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव मी एकदा लिहिलं होतं.

त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. शहाद्याच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आजोबांच्या वेळेपासूनचं. घोड्याचं जीन, लगाम, स्वाराने पाय ठेवायच्या रिकिबी आणि तंग ते हाताने बनवायचे. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा कातडी पट्टा. सगळं जीन त्याच्यावर टिकतं, तो तुटला की स्वार खाली. चाचा वर्षभर शिवायचे आणि डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत पाल ठोकून विकायचे. यात्रेत माल गेला तर त्यांचं पुढचं वर्ष चालायचं आणि नाही गेला तर दुसरा रस्ता नव्हता. तिथे गुजरात-राजस्थानातून घोडेवाले येतात आणि चाचांचं नाव विचारत यायचे.

माझे वडील शेतकरी. केळी आणि ऊस करतात, पण जीव सगळा घोडीत. तापीकाठच्या आमच्या गावातून दरवर्षी घोडी घेऊन ते यात्रेला जातात आणि साज मात्र चाचांच्याच हातचा. मी आठ वर्षांची असताना चाचांनी माझ्या पायाचं माप घेऊन माझ्यापुरत्या लहान रिकिबी केल्या होत्या. मला ते बेटा म्हणायचे. त्या रिकिबी अजून आमच्या घरी खुंटीला आहेत.

मग एका वर्षी, दिवाळी झाल्यावर, माझा धाकटा भाऊ घोडीवरून पडला. पाय दोन जागी मोडला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो प्लास्टरमध्ये होता आणि आई रडून रडून गप्प झाली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तंग तुटना," तो आमच्या अहिराणीत म्हणाला, तंग तुटला.

"कोणाचा?"

"चाचाना. आखो कोना ऱ्हाई?"

चाचांचा म्हटल्यावर मी पुढे एक शब्द विचारला नाही. माझा राग असाच आहे, त्याला चौकशी लागत नाही. दवाखान्यातून निघाले ती सरळ वर्गावर आले, पंखा लावला आणि लिहायला बसले.

वर्गाच्या सरावासाठी मी एक साइट चालवायचे. सारंगखेड्याच्या यात्रेची माहिती द्यायची त्यावर: उतरायचं कुठे, घोडा घेताना दात कसे बघायचे, साज कोणाकडे मिळतो. तीन वर्षांची जुनी साइट, तिच्यावर घोडेवाल्यांचा विश्वास होता. शोधयंत्राचाही, म्हणजे सर्च इंजिनचाही, होता. नव्या साइटला ते विचारत नाही, जुन्या आणि नियमित साइटवर मात्र ते रोज येऊन नवीन काय लिहिलंय ते बघून जातं. त्या साइटवर मी एक नवं पान तयार केलं.

लोक शोधताना जे शब्द टाइप करतात त्यांना कीवर्ड म्हणतात. घोडेवाले काय टाइप करतात ते मला माझ्या तळहातासारखं माहीत होतं. म्हणून शीर्षकात मी चाचांच्या दुकानाचं पूर्ण नाव घातलं, शहादा घातलं, सारंगखेडा घातलं, घोड्याचं जीन घातलं आणि शेवटी 'तंग तुटून अपघात' असं लिहिलं. शीर्षक म्हणजे निकालांच्या यादीत निळ्या अक्षरात दिसते ती ओळ. तिच्याखाली बारीक अक्षरात जे दोन ओळींचं वर्णन दिसतं, तेही मी स्वतःच्या हाताने लिहिलं: "कारागिराची नजर गेली आहे, हात थरथरतात. त्याच्या टाक्यावर लेकरांचा जीव ठेवू नका." चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं मला माहीत होतं. आमच्या घरी बसूनच ते सांगितलं होतं त्यांनी. वर त्यांच्या पालाचा एक जुना फोटो टाकला, वडिलांनी काढलेला. खाली माझं नाव लिहिलं नाही. ती साइट माझी आहे हेही बाहेर कोणाला कळण्याची सोय नव्हती.

मग शोधयंत्राला कळवलं की नवं पान आलंय, येऊन बघून जा. असं बघून त्याने आपल्या यादीत नोंद केली की पान इंडेक्स झालं म्हणतात. दोन दिवसांत झालं. चौथ्या दिवशी चाचांच्या दुकानाचं नाव टाकलं की पहिल्या क्रमांकावर माझं पान येत होतं. मला इतका आनंद झाला की मी खालून चहा मागवला.

त्याच आठवड्यात चाचा भावाला बघायला आमच्या घरी आले. खजुराचा पुडा आणला होता. खाटेजवळ बराच वेळ बसले, पायाची विचारपूस केली. भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं ते शेवटपर्यंत इकडे वळवलं नाही. मला वाटलं, दुखत असेल. मी चाचांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

नवी बॅच सुरू झाली तेव्हा मी तेच पान भिंतीवर मोठं करून दाखवलं. शीर्षक, वर्णन, कीवर्ड, रँकिंग, एकेका शब्दाला बोट लावून दाखवता येत होतं. असं सोयीचं उदाहरण माझ्याकडे यापूर्वी नव्हतं. पोरं खूश झाली. एकाने विचारलं, "मॅडम, हे पान कोणी लिहिलंय?" मी म्हटलं, "ज्याला लिहिता येतं त्याने."

तिसऱ्या दिवशी चाचा जिना चढून वर आले. खाली माझी पाटी आहे, 'तुमचं पान पहिल्या क्रमांकावर आणा' अशी. दारात उभे राहून त्यांनी टोपी नीट केली. बोटांना आरीच्या जुन्या खुणा, हातात शाळेच्या पोरांची असते तशी वही.

"बेटा, मी बठू का आठे?"

"वर्गात मॅडम म्हणायचं, चाचा," मी म्हणाले. "सगळेच म्हणतात."

"बरं, मॅडम." ते शेवटच्या बाकावर बसले. "मन्हा दुकानना नाववर कोनीतरी पान लिखेल शे. यात्रा महिनावर उनी. ते पान खाले कसं उतारानं, ते माले शिकाडा."

भिंतीवर काल जिथे ते पान होतं ती जागा तेव्हा रिकामी होती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की कोणी तोंड उघडलं नाही. चाचांना मी घरी पाठवू शकले असते. नाही पाठवलं. त्यांचा मोडलेला चेहरा मला रोज बघायचा होता, हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तेच खरं होतं. माझा भाऊ पाय वर टांगून पडला होता ना.

चाचा उर्दूत लिहायचे, उजवीकडून डावीकडे. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "चाचा, वही उलटी धरलीय," आणि वर्ग खदाखदा हसला. चाचाही हसले. वही त्यांनी नीटच धरली होती, ते मला कळत होतं.

आणि शिकत किती भराभर होते! वीस वर्षांच्या पोरांना इंडेक्स समजायला आठवडा लागतो. मी चाचांना सांगितलं की शोधयंत्र सगळी पानं आधीच बघून ठेवतं आणि कोणी विचारलं की त्यातली निवडून दाखवतं. ते लगेच म्हणाले, "म्हंजे यात्रामाना दलाल. सगळा घोडा पहिले दखी येस, मंग गिराइकले सांगस कोना घोडा पहिले दखानं."

"तेच," मी म्हणाले. चिडूनच म्हणाले, कारण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

"आनि दलालले कोन सांगस, हाऊ घोडा चांगला म्हनून?"

तो पुढचा धडा होता, लिंकचा. "पुढच्या आठवड्यात," मी म्हणाले.

एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, लिखेल पान कोन पुसू सकस?"

"ज्याची साइट आहे तो."

"मंग तो कोन शे, हाई कसं समजी?"

"नाही समजत. मालकाला आपलं नाव लपवता येतं."

"खरं लिखेल व्हई तर लपाडी कसाले?"

मी फळा पुसायला घेतला. पाठीमागे वहीवर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता.

त्याच रविवारी मी घोडीला चारा टाकायला गेले. एरवी ते काम भावाचं. जीन खुंटीवर होतं आणि खाली कोपऱ्यात, भुशात, नारिंगी रंगाचा एक नायलॉनचा पट्टा पडला होता. मधोमध तुटलेला, लोखंडी बकल वाकलेलं. अक्कलकुव्याला हायवेवर गाडीवाल्यांच्या दुकानांबाहेर असले पट्टे घोसाने लटकवलेले असतात, ट्रकवरचा माल बांधायला. चाचांचा तंग तीन पदरी कातड्याचा, मेणाच्या दोऱ्याने शिवलेला. कुठल्या आंधळ्यालाही हाताने फरक कळला असता.

मी तो पट्टा नेऊन भावाच्या उशाशी टाकला.

त्याने तो गोधडीखाली ढकलला. मग म्हणाला, "बाबाले नको सांगजो. त्यास्नी सांगेल व्हतं, चामडाना तंग नही तर घोडीवर बठानं नही."

"आणि चामड्याचा कुठे आहे?"

"जुना व्हयेल व्हता. फेकी दिना."

मी त्याच्या कानाखाली लगावली. पाय मोडलेल्या माणसाला मारू नये म्हणतात, मी मारलं. पण मारून घरातून निघाले ते पान काढायला नाही गेले.

का नाही गेले, ते मी अनेकदा स्वतःला वेगवेगळं सांगून पाहिलंय. खरं कारण एवढंच की त्या पानामुळे माझ्या साइटवर कधी नव्हती तेवढी माणसं येत होती. मी शहाद्यात सगळ्यांना दाखवत होते की बघा, मी एखादी गोष्ट वर आणायची म्हटली की ती वर येते. नवी पोरं त्या एका पानाचं ऐकून प्रवेश घ्यायला येत होती. पान काढलं असतं तर कोणी ना कोणी विचारलं असतं, का काढलं. आणि मी चुकले हे मला माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यापुढे कबूल करावं लागलं असतं. यात्रा झाली की काढू, असं ठरवलं. यात्रेसाठीच तर ते काढायला हवं होतं.

आमच्या भागात एक रीत आहे. कोणावर काही आळ आला की तो माणूस जाहीर खुलासा देतो. पूर्वी वर्तमानपत्रात द्यायचे, हल्ली तालुक्या-तालुक्यात जी बातम्यांची पोर्टलं निघाली आहेत त्यांच्यावर देतात. खुलाशाचा मसुदा ठरलेला असतो: आधी आळ काय आला तो जसाच्या तसा, अक्षर न बदलता सांगायचा, मग तो खोटा असल्याचं सांगायचं. आळ अर्धवट सांगितला तर माणूस काहीतरी लपवतोय असं लोकांना वाटतं.

वर्ग सुटल्यावर चाचा मागे थांबले. "मॅडम, मी जाहीर खुलासा देऊ का? चार ठिकाने."

लिंकचा धडा मी अजून घेतला नव्हता. एका साइटने दुसऱ्या पानाचा पत्ता दिला, त्यावर बोट ठेवलं की तिथे जाता येईल असा, की त्याला लिंक म्हणतात. शोधयंत्राच्या लेखी प्रत्येक लिंक ही शिफारस असते. कोणी शिव्या देत बोट दाखवलं काय आणि कौतुकाने दाखवलं काय, ते फक्त बोट मोजतं. बातम्यांच्या पोर्टलांनी दाखवलेलं बोट तर फार वजनाचं. हे मला माहीत नव्हतं असं इथे लिहायला मला आवडलं असतं.

"द्या की," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

चाचांनी खुलासा दिला. चार पोर्टलांवर आला. माझं शीर्षक अक्षरशः उतरवलेलं, नजर गेल्याची आणि हात थरथरण्याची ओळ उतरवलेली, मग खाली 'हे सर्व खोटे असून आमचे तंग तुटत नाहीत', आणि शेवटी माझ्या पानाची लिंक. लोकांनी स्वतः वाचून ठरवावं म्हणून लिंक द्या, असा आग्रह चाचांनीच धरला होता. हिशेबाने वागणारा माणूस असता तर दिली नसती. दुसऱ्या दिवशी चारही खुलासे मोबाईलवर उघडून ते मला दाखवायला घेऊन आले, परीक्षेचा पेपर दाखवावा तसे.

"आते उतरी ना, मॅडम?"

"बघू," मी म्हणाले.

उतरलं नाही. आतापर्यंत चाचांच्या दुकानाचं नाव टाकलं तरच माझं पान वर यायचं. आता नुसतं 'सारंगखेडा घोड्याचं जीन' टाकलं तरी पहिलं तेच यायला लागलं आणि त्याखाली ओळीने चार खुलासे. ज्यांनी चाचांचं नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांनाही आता ते कळत होतं आणि आळासकट कळत होतं. मी जन्मात कोणासाठी एवढं चांगलं काम केलं नव्हतं.

यात्रेला मी वडिलांबरोबर गेले. भाऊ कुबड्या घेऊन घरी होता. घोडीवर त्या वर्षी दुसरीकडून आणलेलं मशीनचं जीन होतं. चामड्याचा तंग तुटलाच असं वडील धरून चालले होते आणि त्यांना चाचांसमोर जायला अवघड वाटत होतं. मी मात्र गेले. पालासमोरच्या रसवंतीवर बसून दुपारभर बघत राहिले.

लोक यायचे. जीन हातात घेऊन टाके चाचपायचे, कातडं दुमडून बघायचे, त्यांच्या तोंडावर आवडलेलं दिसायचं. मग वर पाटीवरचं नाव वाचायचे आणि मोबाईल काढायचे. त्यानंतर जीन जागेवर ठेवायचे, तेही अगदी हळूच. एका गुजराती घोडेवाल्याने तर मोबाईल चाचांच्या तोंडापुढे धरला. "चाचा, ये दुकान आपका ही है ने?"

"हां, मेरा ही है." चाचांनी चष्मा वर केला. "देखो भाई, ये जो ऊपर आता है ना, उसको रँकिंग बोलते. ऊपर आया मतलब सच्चा है, ऐसा नहीं. लिखनेवाले ने कीवर्ड बराबर डाला है, बस."

माझेच शब्द होते. एकही चुकला नव्हता. घोडेवाला हसला, त्याने चाचांच्या खांद्यावर थाप मारली आणि शेजारच्या पालातून मशीनचं जीन घेऊन गेला.

शेवटच्या दिवशी चाचांनी सगळा माल पुन्हा टेम्पोत भरला. माझ्या आठवणीत त्यांचा टेम्पो परत जाताना नेहमी रिकामा असायचा.

घरी आल्यावर मी पान काढून टाकलं. एक बटण, आणि 'नक्की काढायचं का' असा एक प्रश्न. आता त्या लिंकवर गेलं की हे पान सापडत नाही, असं येतं. त्या चुकीला ४०४ म्हणतात. मला वाटलं, संपलं. आठवड्याने शोधून पाहिलं तर माझं पान यादीतून गेलं होतं आणि त्याच्या जागी, पहिल्या क्रमांकावर, चाचांचा स्वतःचा खुलासा चढला होता. नजर गेली आहे, हात थरथरतात, टाक्यावर लेकरांचा जीव ठेवू नका. आता हे सगळं चाचांच्याच नावाने, त्यांच्याच सहीनिशी लिहिलेलं दिसत होतं.

मी पोर्टलवाल्यांना फोन केले. दोघांनी उचलला नाही. एकाचं पोर्टल बंद पडलं होतं, पानं मात्र तशीच लटकलेली. चौथा म्हणाला, "ताई, खुलासा त्यांनी दिलाय, त्यांनीच अर्ज करावा. तुमचा काय संबंध?" माझा काय संबंध, हे मी त्याला सांगितलं नाही. चाचांना अर्ज करायला सांगायचं तर आधी बाकीचं सांगावं लागलं असतं.

यात्रेमुळे लांबलेली बॅच संपली तेव्हा शेवटच्या दिवशी मी सर्टिफिकिटं वाटली. चाचांनी दोन्ही हातांनी घेतलं. पोरं खाली गेल्यावर ते थांबले आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हाई तुमन्हं. घर ली जा."

मी कागद उघडला. आत तंग होता, तीन पदरी, जुना. मधल्या एका पदराचे उसवलेले टाके नव्या दोऱ्याने घातलेले. आतल्या बाजूला, चाचा दुरुस्तीला आलेल्या वस्तूवर लिहितात तसं, पेन्सिलने आमच्या गावाचं नाव, घोडीचा रंग आणि तारीख. भाऊ पडला त्याच्या दोन दिवस आधीची.

"तुमन्हा भाऊनी शिवाले टाकेल व्हता," चाचा म्हणाले. "लेवाले उनाच नही."

मी तारीख पुन्हा वाचली. भाऊ फेकला म्हणाला होता, तो हा तंग. पडला तेव्हा हा चाचांच्या दुकानात होता आणि पान वाचल्या दिवसापासून चाचांना माहीत होतं की त्यांचा तंग तुटणं शक्यच नाही. पालाचा तो फोटो कोणी काढला होता, हेही माहीत असणार. ते माझ्या वर्गात पान उतरवायला शिकायला आले नव्हते.

"हे खुलाशात का नाही लिहिलं, चाचा?" मी विचारलं. "हे लिहिलं असतं तर…"

"तुमन्हं घर बजारमा उनं असतं, मॅडम. गिराइकनी वस्तू आपला दुकानमा शे, ती गिराइकलेच देवानी." त्यांनी टोपी नीट केली. "मी रोज वर्ग सुटना का थांबू. वाटे, आज सांगशात."

रोज थांबायचे, खरंच. मला वाटायचं, म्हातारा आहे, जिना उतरायला गर्दी टाळतो.

त्या वेळीही मला सांगता आलं असतं. पान माझं होतं, एवढे तीनच शब्द होते. मी टेबलावरचा कागद पुन्हा तंगाला गुंडाळत बसले. ते आणखी थोडा वेळ थांबले आणि मग कठड्याला धरून खाली गेले. मॅडम म्हणा असं मीच सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत तेच म्हटलं.

त्यानंतर चाचांनी यात्रेत पाल ठोकलं नाही. आता त्याच दुकानात ते शाळेच्या दप्तरांच्या चेनी बसवतात आणि चपलांना पट्टे लावतात. मी त्या गल्लीतून जात नाही, स्टँडला लांबून वळसा घालून जाते. भावाला विचारलं तर तो म्हणतो, आता कशाला उकरून काढतेस. वडिलांना मी तंग दिला तेव्हा एवढंच सांगितलं की चाचांनी दुरुस्त करून पाठवलाय. त्यांनी तो गुडघ्यावर घेऊन दोन्ही हातांनी ओढून पाहिला, उजेडात धरला आणि मशीनचं जीन उतरवून जुनं चढवलं. तेव्हापासून तोच तंग आहे.

या वर्षी यात्रेत घोडी बांधली होती तिथे एक परगावचा घोडेवाला आला. घोडीभोवती फिरला, दात बघितले. मग वाकून पोटाखाली हात घातला, तंगावरून बोटं फिरवली आणि थांबला.

"ऐसा काम अब कौन करता है?" त्याने वडिलांना विचारलं. "किसके हाथ का है?"

वडिलांनी अभिमानाने चाचांचं नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं, शहाद्यात बाजारामागे विचारा म्हणाले. मी घोडीच्या तोंडाशी लगाम धरून उभी होते. घोडेवाल्याने नाव दोनदा म्हणून घेतलं, सरळ उभा राहिला आणि खिशातून मोबाईल काढला.